वही कुणाच्या हाती?

१

गावगाड्याची चर्चा निघाली की आपण जमिनीविषयी बोलतो, पाणवठ्याविषयी बोलतो, देवळाच्या पायरीविषयी बोलतो. हे बोललेच पाहिजे. पण गावगाड्यात आणखी एक गोष्ट अशी होती की जिला आपल्या माणसाचा हात कधी लागू दिला गेला नाही, आणि तिच्याविषयी आपल्या साहित्यात आणि चळवळीत त्या मानाने फार थोडे बोलले गेले आहे. ती म्हणजे हिशोबाची वही. पाणवठा बाटतो म्हणून आपल्याला दूर ठेवले असे निदान सांगितले तरी जात होते. वहीपासून दूर ठेवण्यासाठी बाटण्याची भीतीसुद्धा सांगावी लागली नाही. अक्षरच दिले नाही की वही आपोआप दूर राहते.

मी बीड जिल्ह्यातील शिरूर कासारचा. सिंदफणेच्या काठचे हे गाव आज तालुक्याचे ठिकाण आहे. माझ्या लहानपणी ते आठवडी बाजाराचे एक मोठे गाव होते. गावाच्या नावातच एक व्यवसाय आहे, पण त्या व्यवसायात, त्या बाजारात, दुकानाच्या गादीवर आमच्या वस्तीतला माणूस कधी बसला नाही. त्या वस्तीतून मी वाणिज्य शाखेत गेलो आणि लेखाशास्त्र हा खास विषय घेऊन एम.कॉम. झालो. ‘कॉमर्स म्हणजे वाण्याच्या पोरांचं काम, तू त्यात काय करणार?’ हा प्रश्न मला सवर्णांनी विचारला तसा आपल्या माणसांनीही विचारला. त्याचे उत्तर मी आज देऊ पाहतो. ते माझ्या एकट्याच्या आयुष्यात सापडणार नाही. त्यासाठी वहीचा इतिहासच पाहावा लागेल.

२

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड निजामाच्या राज्यात होते. राज्याचे दप्तर आधी फारसीत चाले आणि १८८०च्या दशकापासून उर्दूत चालू लागले. गावपातळीवर पटवारी मोडीत लिही. वर्ष फसली सनाचे. म्हणजे भाषा परकी, लिपी परकी आणि कालगणनाही परकी! कुणब्याला या तिन्हींचा वनवास होताच; महार-मांगाला तर या तिन्ही गोष्टी दुसऱ्याच जगातल्या होत्या.

आणि तरीही या दप्तराचा सगळा भार महाराच्या पाठीवर होता. शेताची हद्द कुठे, बांध कुणी कोरला, दगड कुठला मूळचा आणि कुठला मागाहून रोवलेला, हे विचारायचे महाराला. सरकारी पाहुणा आला की वर्दी द्यायची महाराने. गावचा वसूल कचेरीत पोचवताना सोबत जायचे महाराने. त्याची साक्ष दप्तरात जाई, त्याने उचललेली रक्कम दप्तरात जाई. पण काय लिहिले गेले हे वाचण्याचा अधिकार त्याला नव्हता. जिवंत दप्तर म्हणून त्याची स्मरणशक्ती वापरली गेली, आणि लिहिलेल्या दप्तराचा मालक दुसराच राहिला.

बेदरच्या बादशहाने महारांना बावन्न हक्क दिले, अशी परंपरा आपल्याकडे सांगत आले आहेत. त्या हक्कांकडे श्रद्धेने पाहणारे पाहोत, मी हिशोबनिसाच्या नजरेने पाहतो. जमेच्या बाजूला काय आहे? खळ्यावरचे उरलेसुरले धान्य, सणाची भाकर, मेलेले ढोर, मढ्यावरचे कापड. आणि खर्चाच्या बाजूला? रात्रंदिवसाची राबणूक, पिढ्यान्‌पिढ्यांची. जमेची बाजू एकेक जिन्नस मोजून लिहिलेली, आणि खर्चाच्या बाजूला आकडाच नाही. श्रमाला दरच ठरवला नाही तर ते खर्चात कसे पडणार? जो जमाखर्च एकाच बाजूने लिहिला जातो, त्याला हिशोब म्हणत नाहीत. बलुत्याची पद्धत ही परस्परांच्या गरजेची गोड व्यवस्था होती असे सांगणाऱ्या समाजशास्त्रज्ञांनी हा ताळेबंद एकदा मांडून दाखवावा.

आमच्या घरात अक्षर नव्हते, पण हिशोब होता. आजी खुरपणीला जाई. ज्या दिवशी जाई त्या संध्याकाळी चुलीजवळच्या भिंतीवर कोळशाची एक उभी रेघ ओढी. पाच रेघा झाल्या की त्यांच्यावर आडवी. सुगीला मालकाच्या वाड्यावर जायची वेळ आली की ती रेघा मोजून जाई. मालक वही उघडी आणि म्हणे, ‘तुझे दिवस एवढेच भरतात.’ आजीच्या भिंतीवर आणि मालकाच्या वहीत नेहमी चार-पाच दिवसांचा फरक असे, आणि तो फरक कधीही आजीच्या बाजूने पडत नसे. ‘भिंत काय वाड्यावर उचलून न्यावी रं?’ असे ती म्हणे. पुढे लेखाशास्त्रात पुराव्याचे महत्त्व शिकवताना प्राध्यापकांनी जे एका तासात सांगितले, ते आजीने एका वाक्यात सांगितले होते. तिची नोंद खरी होती. पण ती नोंद सोबत नेता येत नव्हती, आणि समोरच्याला बांधून घेणारी नव्हती.

३

वहीविरुद्धचे बंड या भूमीला नवे नाही. आमच्या आष्टीच्या शिवेला लागून पश्चिमेला नगर आणि त्यापलीकडे पुणे हे इंग्रजी अमलातले जिल्हे. तिथे १८७५ साली शेतकरी उठले. मे महिन्यात सुपे गावी सुरुवात झाली. लोकांनी सावकारांकडे मुख्यतः मागितली ती खते, कर्जरोखे आणि वह्या. आणि हाती लागतील ती जाळून टाकली. इंग्रजांनी चौकशी केली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आणला. या कायद्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. शेतकऱ्याला भरलेल्या पैशाची लेखी पावती मागण्याचा आणि दरवर्षी खात्याचा उतारा मागण्याचा हक्क त्यात दिला होता. म्हणजे वही जाळल्यावर सरकारला एवढे कळले की वहीची एक प्रत कुळाच्या हातीही असली पाहिजे. पण प्रत हाती आली तरी ती वाचणार कोण? जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हा भट-कुलकर्ण्यांच्या लेखणीखाली अक्षरशून्य शेतकरी कसा नागवला जातो हेच त्यांनी दाखवले. कागद जाळून सुटका होत नाही, कागद वाचता आला पाहिजे, हा त्यातला धडा होता.

हा धडा राज्यकर्ता म्हणून प्रत्यक्षात आणला तो राजर्षी शाहूंनी. १९१८ साली कोल्हापूर संस्थानात त्यांनी कुलकर्णी वतने बंद करून पगारी तलाठी नेमले, आणि अस्पृश्य तरुणांनाही तलाठ्याचे काम शिकवून त्या जागी घेण्याचे धोरण ठेवले. शाहू महाराजांची वसतिगृहे आपल्याला ठाऊक असतात, राखीव जागांचा १९०२चा हुकूम पाठ असतो. पण गावचे दप्तर अस्पृश्याच्या हाती देण्याचा हा विचार मला तेवढ्याच मोलाचा वाटतो. ज्या दप्तरात महार फक्त साक्षीदार होता, त्या दप्तराचा तो लेखक होऊ शकतो, असे यात गृहीत धरले होते. निजामी मुलखात, आमच्या बीडमध्ये, हे वारे पोचायला आणखी कितीतरी वर्षे जावी लागली.

४

बाबासाहेबांना आपण कायदेपंडित म्हणून ओळखतो, राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून ओळखतो. पण त्यांच्या पदव्या पाहा. १९१५ साली कोलंबिया विद्यापीठात एम.ए.साठी त्यांनी विषय घेतला तो ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराचा आणि अर्थव्यवहाराचा. लंडनला डी.एस्सी.साठी त्यांनी रुपयाचा प्रश्न अभ्यासला. तो ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला. १९२५ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा पीएच.डी.चा ग्रंथ ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवर आहे. या शेवटच्या ग्रंथात त्यांनी साम्राज्य सरकार आणि प्रांत यांच्यातल्या पैशाच्या वाटणीचे टप्पे पाडले आहेत: १८७१-७२ पासून नेमून दिलेल्या रकमांचा, १८७७-७८ पासून नेमून दिलेल्या उत्पन्नांचा, आणि १८८२-८३ पासून विभागून घेतलेल्या उत्पन्नांचा. वर्षावर्षांची अंदाजपत्रके उलगडून, आकड्याला आकडा लावून केलेले हे काम आहे. ज्या जातीला गावच्या पटवाऱ्याची वही पाहू दिली नाही, त्या जातीतला हा माणूस थेट साम्राज्याची वही तपासायला बसला!

आणि हिशोबाच्या जगाने त्याला काय दिले? १९१७ साली बडोद्यात ते नोकरीवर गेले ते महालेखापालाच्या कार्यालयातच, उमेदवार म्हणून. दिवसभर कार्यालयात आकडे, आणि रात्री पारशी खानावळीत खोटे नाव धारण करून मुक्काम. तिथूनही हातात काठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना बाहेर काढले. मुंबईत येऊन त्यांनी शेअर बाजाराच्या व्यवहारांवर सल्ला देण्याचा उद्योग काढला. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक येईनासे झाले. १९१८च्या नोव्हेंबरात ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९१३ साली निघालेले हे वाणिज्य शिक्षणाचे आद्य महाविद्यालय. तिथल्या अध्यापकांच्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये, अशी हरकत काही सहकाऱ्यांनी घेतली. पुढे १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी शिकवणाऱ्या संस्थेत ते व्यापारी कायदा शिकवीत होते. म्हणजे मुंबईतल्या होऊ घातलेल्या हिशोबनिसांना महाडच्या चवदार तळ्याचा नायक शिकवीत होता. १९२७ साली तळ्यावर गेलेला हात आणि त्याच वर्षी हिशोबनिसांच्या वर्गात खडू धरणारा हात एकच होता, हे वाणिज्य शिकणाऱ्या आपल्या मुलांना कुणी सांगितले आहे काय?

याच काळात, १९२८ साली, त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. महाराचे काम किती, मोबदला किती, आणि तो देणार कोण, हा त्यातला मुद्दा होता. बावन्न हक्कांचा एकतर्फी जमाखर्च त्यांनी कायदेमंडळाच्या टेबलावर ठेवला असे म्हणावे लागेल. आणि १९४९ साली घटना समितीत नियंत्रक व महालेखापरीक्षकाच्या पदाची चर्चा आली, तेव्हा घटनेतला हा बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे, असे मत त्यांनी दिले. न्यायाधीशाच्या कर्तव्यापेक्षाही याचे कर्तव्य मोठे आहे, असा त्यांचा विचार होता. लोकांचा पैसा मंजूर झाला तिथेच खर्च झाला की नाही हे पाहणारा डोळा स्वतंत्र असला पाहिजे, ही त्यामागची दृष्टी. तिच्या मुळाशी केवळ पाश्चात्त्य अर्थशास्त्र होते असे मला वाटत नाही. वही दुसऱ्याच्या हाती असली म्हणजे काय होते, हे पिढ्यान्‌पिढ्या भोगलेल्या समाजाचा अनुभवही होता.

५

मराठवाड्यात ही वाट आणली तीही त्यांनीच. १९४४-४५ पासून अस्पृश्य विद्यार्थ्यांना मॅट्रिकनंतरची सरकारी शिष्यवृत्ती सुरू झाली, ते तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी निघाली. १९५० साली औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद महाविद्यालय सुरू झाले. मुंबईत १९५३ साली सिद्धार्थचे वाणिज्य महाविद्यालय निघाले, आणि १९६०च्या दशकात नागसेनवनातही वाणिज्य शिकवले जाऊ लागले. ही क्रमवारी ध्यानात घेतली पाहिजे. वाणिज्य हे वाण्याच्या पोरांचे, असे बाबासाहेबांच्या संस्थेने मानले नव्हते. आपण मानले.

का मानले, याची कारणे उघड आहेत. आमच्या पिढीला नोकरी हवी होती, तीही लवकर. कला शाखा, त्यानंतर डी.एड. किंवा बी.एड., की शाळेत मास्तर. ही वाट माहितीची होती. वाणिज्याच्या वाटेवर आमच्यापैकी कुणाची पावले उमटलेली नव्हती. ज्याच्या घरात दुकान आहे त्याला ‘उधारी’, ‘खाते’, ‘शिल्लक माल’ हे शब्द पाळण्यात मिळतात. माझ्या घरात शिल्लक नावाची गोष्टच नव्हती, तर शिल्लक मालाचे मूल्यांकन मला समजणार कसे? पुस्तके इंग्रजीत. जर्नल, लेजर, ट्रायल बॅलन्स हे शब्द आधी पाठ केले आणि अर्थ पुढे कधीतरी कळला. कीर्द आणि खतावणी म्हणजे तेच, हे मला बीडच्या आडत दुकानातल्या एका दिवाणजीने सांगितले, वर्गात नाही.

१९८०च्या दशकात मी औरंगाबादेत एम.कॉम.ला होतो. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात मंजूर झाला होता, त्यापायी मराठवाड्यात आमच्या वस्त्या जळल्या होत्या, आणि नाव मात्र मिळाले नव्हते. माझ्या पदवीपत्रावर नुसते ‘मराठवाडा विद्यापीठ’ आहे. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. शिष्यवृत्ती यायला उशीर व्हायचा. खानावळीचे देणे आधी आणि घेणे मागाहून, अशी ती अवस्था. रोख प्रवाह म्हणजे काय हा विषय मला वेगळा शिकावा लागला नाही.

पदवी मिळाली. पुढे एका शहरातल्या हिशोब तपासनिसांच्या कार्यालयात उमेदवारीसाठी गेलो. त्यांनी आडनाव विचारले, नंतर गाव विचारले, नंतर गावात राहता कुठे ते विचारले. चौथा प्रश्न विषयाचा असेल असे वाटले. तो आलाच नाही. इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. विद्यापीठाच्या पदवीला राखीव जागा आहेत, बँकेच्या परीक्षेला आहेत. बँकांच्या १९६९च्या राष्ट्रीयीकरणानंतर आपली मुले काउंटरच्या आत बसली ती त्यामुळेच. पण १९४९च्या कायद्याने उभा राहिलेला चार्टर्ड अकाउंटंटचा धंदा खाजगी उमेदवारीतून जातो. तिथे दार उघडते ते ओळखीने, आणि ओळख असते नातेगोत्याने. जातीचा शब्द न उच्चारता जात पाळण्याची याहून सोयीची जागा कोणती? मी अखेर अध्यापनाकडे वळलो. शिकवलेली काही मुले आज त्या धंद्यात आहेत. दार बंद होते म्हणून ते कायम बंद राहते असे नाही, एवढे यावरून म्हणता येईल.

६

नोकरी मिळो वा न मिळो, या विद्येचे काम आपल्या वस्तीत पडलेले आहे, हे मला गायरानाच्या प्रश्नाने शिकवले. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या लढ्यांपासून मराठवाड्यात आपली माणसे पडीक गायराने कसत आली. १९७८ साली आणि पुन्हा २८ नोव्हेंबर १९९१ रोजी शासनाने निर्णय काढले. दुसऱ्या निर्णयात १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षाशी जोडलेली ही तारीख होती. पण जमीन कसली हे सिद्ध कसे करायचे? तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुना १-ई नावाची एक नोंदवही असते, अतिक्रमणांची. तिच्यात नाव असेल, किंवा दंड भरल्याची पावती असेल, तर दावा उभा राहतो. ज्या बाईने दंडाची पावती पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली तिचे शेत वाचण्याची आशा राहिली. ज्याने वीस वर्षे नांगर धरला पण पावती घेतली नाही, त्याला ‘पुरावा दाखव’ असे ऐकावे लागले. आजीची भिंत आणि मालकाची वही यांचाच हा पुढचा अध्याय आहे.

१९७२च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीच्या कामांवर हेच. खडी फोडणारे आपण, माती टाकणारे आपण; हजेरीपट दुसऱ्याचा आणि मोजमाप पुस्तिकाही दुसऱ्याची. खड्ड्याचे माप कागदावर उथळ झाले की मजुरी तेवढी उथळ होते. २००५च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यात सामाजिक लेखापरीक्षणाची तरतूद आली, त्याच वर्षी माहितीचा अधिकारही आला. कायद्याने वही उघडी केली. ती उघडून वाचणारे हात मात्र वस्तीत मोजकेच होते.

७

आता आमच्या भागाच्या सर्वांत मोठ्या वहीकडे येऊ. ती मुकादमाची वही. शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी या पट्ट्यातून दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात ते तुम्ही पाहिले असेल. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. निघण्याआधी उचल घेतलेली असते, आणि हंगामभर तोडलेल्या उसातून ती फिटायची असते. ‘बाकी फिरली’ हा शब्द आमच्याकडे लहान पोरालाही कळतो. फिरली म्हणजे हिशोबात उचल फिटली नाही, देणे पुढच्या साली ओढले गेले.

एक उदाहरण मांडून पाहू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. समजा, एका कोयत्याने १,००,००० रुपये उचल घेतली. १२० दिवस तोड केली, रोज दोन टन. झाले २४० टन. टनाला ३५० रुपये धरले तर जमा ८४,००० रुपये. नावे बाजूला उचल १,००,०००; मधल्या काळात घेतलेला किराणा आणि दवापाणी ६,०००; आणि दहा दिवसांचे खाडे, दिवसाला ५०० रुपये दंडाने, ५,०००. एकूण नावे १,११,०००. बाकी फिरली २७,०००.

बेरीज-वजाबाकी बिनचूक आहे. पण लेखाशास्त्राचा विद्यार्थी बेरजेवर थांबत नाही, तो नोंदींकडे पाहतो. पहिला प्रश्न खाड्याचा. ज्या दिवशी कोयता चालला नाही त्या दिवशी टन पडला नाही, म्हणजे मजुरी आधीच बुडाली. त्यावर पुन्हा दंड. एकच नुकसान मजुराच्या नावे दोनदा टाकले आहे. दुसरा प्रश्न वजनाचा. २४० टन हा आकडा आला कुठून? काट्याच्या पावतीवरून. ती पावती गाडीबरोबर जाते, मुकादमाकडे जाते, तोडणाऱ्याच्या हाती राहत नाही. टनामागे पन्नास किलो जरी कमी लागले, तरी २४० टनांमागे बारा टन जातात, म्हणजे ४,२०० रुपये. मूळ पावती ज्याच्याजवळ नाही त्याने खाते मान्य कसे करावे? तिसरा प्रश्न मला सर्वांत मोठा वाटतो. कोयता दोघांचा, पण वहीत नाव एकाचे, नवऱ्याचे. बाई पहाटे उठून भाकरी करते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडी भरते; तिचे स्वतंत्र खातेच नाही. बलुत्याच्या जमाखर्चात आमच्या श्रमाला आकडा नव्हता. कोयत्याच्या जमाखर्चात तिच्या श्रमाला नाही.

आणि दंडाचा आकडा मात्र तिच्या शरीरावर वसूल होतो. पाळीच्या, दुखण्याच्या दिवशी खाडा परवडत नाही. २०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. सहा बायकांत जवळजवळ एक. या आकड्यामागे डॉक्टरी धंद्याची लूट आहे, गरिबी आहे, अज्ञान आहे. पण त्याच्या तळाशी मुकादमाच्या वहीतला खाड्याचा रकानाही आहे. आपली कविता या स्त्रीचे दुःख सांगेल, सांगितलेच पाहिजे. पण तो रकाना कोण तपासणार?

८

हीच गोष्ट राज्याच्या वहीला लागू आहे. १९७९-८० पासून अनुसूचित जातींसाठी विशेष घटक योजना आली. लोकसंख्येच्या प्रमाणात विकासाचा पैसा बाजूला काढायचा, असे तिचे तत्त्व. २०११च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात हे प्रमाण ११.८ टक्के. हा पैसा अंदाजपत्रकात कुठे सापडतो? प्रत्येक खात्याच्या मुख्य शीर्षाखाली ७८९ या क्रमांकाचे लघुशीर्ष असते, ते अनुसूचित जातींच्या घटक योजनेचे. मागण्यांच्या जाडजूड पुस्तकात ७८९ शोधायचा, तरतूद किती ते पाहायचे, दोन वर्षांनी प्रत्यक्ष खर्च किती झाला ते पाहायचे, आणि रस्ता किंवा इमारत ज्याच्या नावावर बांधली ती खरोखर आपल्या वस्तीत आहे काय ते पायाने जाऊन पाहायचे. हा पैसा दुसरीकडे वळू नये म्हणून आंध्र प्रदेशाने आणि कर्नाटकाने २०१३ साली कायदे केले. तिथल्या कार्यकर्त्यांनी हे आकडे वर्षानुवर्षे वाचले होते, म्हणून ते झाले. मोर्चात आपण निधीची घोषणा देतो. लघुशीर्षाचा क्रमांक सांगून घोषणा दिली तर समोरच्याला उत्तर द्यावे लागते.

२०२३-२४ मध्ये आमच्या जिल्ह्यात मल्टिस्टेट पतसंस्था बुडाल्या. जादा व्याजाच्या आशेने ठेवलेल्या ठेवींत कोयत्याच्या घामाचा पैसाही होता. ठेवीदाराला ताळेबंद मागण्याचा हक्क होता. कर्जे कुणाला दिली, तारण काय, रोख शिल्लक किती, हे चार आकडे वाचू शकणारा एक माणूस प्रत्येक वस्तीत असता, तर सगळे नाही पण काही पैसे वाचले असते.

म्हणून वाणिज्य शाखेकडे जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना माझे सांगणे आहे. एम.कॉम. करा, एम.बी.ए. करा, चार्टर्ड अकाउंटंट व्हा. त्यातून चांगली नोकरी मिळवा, त्यात लाजण्यासारखे काही नाही. आपल्या आईबापांनी ती मिळावी म्हणूनच कोयता चालवला. परंतु पदवी पगारापुरती ठेवू नका. शिक्षकांना विनंती आहे की वर्गात ‘राम ब्रदर्स’च्या काल्पनिक दुकानाचा जमाखर्च शिकवता, तसा एक तास कोयत्याच्या हिशोबाचा घ्या. शिरूरच्या कुठल्याही वर्गात निम्म्या मुलांना त्यातले शब्द तुमच्यापेक्षा अधिक ठाऊक असतील, आणि लेखाशास्त्र आपल्या घरातले आहे हे त्यांना पहिल्यांदा कळेल.

आणि कार्यकर्त्यांना एक कामाची सूचना. टोळ्या निघण्यापूर्वी, दसरा-दिवाळीच्या मध्ये, प्रत्येक वस्तीत एक बैठक घ्यावी. प्रत्येक कोयत्याला एक छोटी वही द्यावी. तिच्यात पहिल्या पानावर नवरा आणि बायको दोघांची नावे, उचलीचा आकडा आणि मुकादमाची सही. पुढे रोजची तोड, गाडीचा क्रमांक, काट्याचे वजन, घेतलेला किराणा, पडलेला खाडा आणि त्याचे कारण. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी टोळीबरोबर जाणाऱ्या एखाद्या शिकलेल्या मुलाने वा मुलीने लिहावे. मोबाइलवर काट्याच्या पावतीचे छायाचित्र घ्यावे. हंगाम संपून टोळी परत आली की वाणिज्याच्या विद्यार्थ्यांनी बसून त्या वह्या मुकादमाच्या वहीशी ताडून पाहाव्यात, आणि जिथे फरक पडेल तिथे तो कोयता, विद्यार्थी आणि संघटनेचा कार्यकर्ता अशा तिघांनी मिळून मुकादमाकडे जावे. एका वहीला वीस-पंचवीस रुपये पडतात. पन्नास कोयत्यांच्या वस्तीला हजार-बाराशे रुपयांत हे काम उभे राहते. येत्या हंगामापासून सुरुवात करता येईल.